एका वेळी एकच पाकळी

आमच्या भावजींइतका हट्टी माणूस पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मिळून दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने भावजींपुढे केव्हाच हात टेकले असतील. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, लाटंबार्स्याचे. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी छापणारा एक कारखाना होता. तिथे मी डिस्पॅच सांभाळत असे आणि भावजी संगणक विभाग. विभाग म्हणजे ते स्वतः, एक स्टूल आणि जिन्याखालच्या खोलीतला सर्व्हर.

त्यांच्या हट्टाचे मूळ देवळात होते. आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक प्रश्न विचारायचा आणि उजवी पडते की डावी, याची वाट पाहायची. भावजींनी त्यातली भक्ती किती घेतली ते देव जाणे, पद्धत मात्र पुरती उचलली. एकदा ताईचे माशांचे हुमण कडवट होऊ लागले. दुसऱ्या कोणी मसाला, नारळ सगळेच बदलले असते. भावजींनी पहिल्या दिवशी फक्त नारळ बदलायला लावला, दुसऱ्या दिवशी फक्त धणे, तिसऱ्या दिवशी फक्त मिरची. पाच दिवस घर कडू जेवले, तेव्हा दोष माशांत घालायच्या तिरफळांत निघाला. "सापडलें मगे?" भावजी विजयाने म्हणाले. "सापडलं," ताई म्हणाली, "पण आता मासेच नकोसे झालेत."

तर हा सर्व्हर दुपारी चारच्या सुमारास कोसळायचा. त्या वेळी सगळे विभाग छपाईच्या जड फायली एकदम चढवत, माझी लेबलेही त्याच रांगेत असत. नेटवर्कवरची गर्दी शिगेला पोचली की निळा पडदा येई आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई. कोल्हापूरकडचे आमचे शिफ्ट सुपरवायझर दारातून ओरडत, "काय ओ, पडला का तुमचा पैलवान?" भावजी मान वर न करता म्हणत, "पडूंक ना, कोणी तरी पाडला. कोण तें सोदतां."

गणपतीच्या, म्हणजे आमच्या चवथीच्या आठवड्यात मुख्य कार्यालयाने पुण्याहून एक तज्ज्ञ पाठवला. त्याने एका दुपारीत मेमरी बदलली, पंखा बदलला, नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नवा घातला आणि अँटिव्हायरस काढून टाकला. पुढचे तीन दिवस सर्व्हर एकदाही पडला नाही. तज्ज्ञ 'दुरुस्त' असे लिहून, सही करून गेला. पण चवथीला गोव्यातल्या कारखान्यात असते कोण? अर्धी वसाहत आपापल्या गावी होती. माणसे परतली, फायली चढल्या आणि चार वाजता पैलवान चीत.

मग कारखान्याच्या साहेबांनी सांगून टाकले, शनिवारपर्यंत हा थांबला नाही तर सर्व्हर पुण्याला जाईल, आणि त्याच्याबरोबर भावजींचीही बदली. ताईचे भात कापणीला आले होते, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ती काही लाटंबार्से सोडणार नव्हती.

सोमवारी मी संशयितांची यादी लिहून दिली. भावजींनी ती वाचली आणि सर्व्हर आधी होता तसाच करून ठेवला. जुनी मेमरी, जुना पंखा, सगळे जुने.

"अहो, तुम्ही बिघडवताय?" साहेब ओरडले.

"साहेब, चार प्रश्न एकदम विचारल्यात. थंय देव गोंधळता, मी कोण?"

आपोआप सुरू होणेही त्यांनी बंद केले, म्हणजे पडदा तसाच राहील आणि त्यावरची अक्षरे उतरवून घेता येतील. सोमवारी फक्त मेमरी बदलली, पडला. मंगळवारी ती काढून फक्त पंखा, पडला. बुधवारी फक्त ड्रायव्हर, गुरुवारी अँटिव्हायरस. रोज चार वाजता एक पडदा आणि माझ्या यादीवर एक काट. गुरुवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. "खरं सांग, होईल?" मी जिन्याखाली जाऊन भावजींनाच विचारले.

त्यांच्याकडे उत्तर तयार होते. चारही पडद्यांवर नाव एकच होते, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचे. ड्रायव्हर बदलूनही तेच नाव येते, तर उरले कार्ड. शुक्रवारी त्यांनी दुसरे कार्ड बसवले. चार वाजले, साडेचार वाजले, सर्व्हर उभा. मी टाळ्या वाजवल्या. भावजींनी नाही.

"आज म्हापशाचो बाजार, बाय. अर्धी माणसां पळाली. रिकाम्या घरात सगळेच शाणे."

शनिवारी ते प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगून आले की, चारच्या ठोक्याला सगळ्यांनी सगळ्यात जड फाईल चढवायची, पुन्हा पुन्हा.

"चालतोय ना? मग डिवचता कशाला?" साहेब म्हणाले.

"डॉक्टरासमोर खोकायचें न्हय, तर कोणासमोर?"

सर्व्हरचे हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. सुपरवायझर दारात येऊन घड्याळाकडे पाहत उभे राहिले. पाच वाजले. पडला नाही. साहेबांनी घाम पुसला, आणि तेवढ्यात भावजींनी सर्व्हर बंद करून जुने कार्ड परत बसवले. "प्रश्न उलटोय विचारपाक जाय." जुन्या कार्डाने पडतो का, तेही त्यांना पाहायचे होते. आठव्या मिनिटाला निळा पडदा! भावजी इतके सुखाने हसले की साहेब स्टुलावरच बसले. मग नवे कार्ड कायमचे बसले, आणि भावजींची बदली रद्द झाली. कापणीला ते घरीच होते.

त्यानंतर सर्व्हर कधी पडला नाही, आणि त्यामुळे जिन्याखाली कोणी डोकावेनासे झाले. चारच्या सुमारास भावजीच माझ्या टेबलाशी येत. "सगळें बरें?" मी म्हणे, "बरं आहे." ते मान हलवून परत जात. असे वर्ष गेले असेल. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातही ते तसेच आले, तेव्हा मी म्हटले, "भावजी, सर्व्हर आज जरा मंद वाटतोय हो."

त्यांचा चेहरा उजळला. स्टूल ओढून ते संध्याकाळपर्यंत माझ्याशेजारी बसले आणि एकेक गोष्ट तपासत राहिले. मंद काहीच नव्हते. ते त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच कळले असणार.