बायबलबाईंची माफी

कुणाची तक्रार घेऊन गेलं की बायबलबाई आधी पायांत चपला सरकवायच्या. "तिला सांगितलंस का? न्हाई? मग चल, दोघी जाऊ." घोडेगावजवळच्या त्या खेड्यात मी मास्तरीण म्हणून नवीनच आले होते. मिशननं नेमलेल्या या बाई घरोघर जाऊन बायबलचं शास्त्र वाचून दाखवत, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना करत. नाव मार्था, पण त्या नावानं हाक मारणारं गावात कुणी नव्हतं.

माझी पहिली तक्रार शेजारणीबद्दल होती. माझ्या दारात मुद्दाम खरकटं पाणी टाकते म्हणून. बाईंनी मला हाताला धरूनच तिच्याकडे नेलं. वाटेत म्हणाल्या, "भावाचं चुकलं तर आधी त्याला एकट्यात गाठ, आसं प्रभूनं सांगितलंय. आपन काय करतो? त्याला सोडून समद्या गावाला गाठतो." शेजारणीचा राग वेगळाच निघाला. मी जाता-येता तिच्याशी बोलत नसे. मी बुजरी, आणि तिला तो शिकल्याचा माज वाटला. चहा पिऊन आम्ही हसत बाहेर पडलो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि चर्चच्या ओसरीवर मुलांना सुकडीचा कोरडा, पौष्टिक खाऊ वाटला जाई. वाटप शांतवनअण्णांकडे होतं. चर्चच्या मंडळीतले जुने पंच, अबोल, ताठ मानेचे. एकदा पाण्याच्या टँकरपाशी, भर रांगेत बाई बोलून गेल्या, "अण्णाच्या पिशवीतनं सुकडी घरी जाती. मी डोळ्यानं पाह्यलंय." अण्णांना विचारायला त्या गेल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अण्णांनी सुकडीच्या कोठीची किल्ली चर्चच्या धर्मगुरूंच्या, पाळकांच्या हातात ठेवली आणि चर्चला येणं सोडलं.

पंधरा दिवसांनी माळावरच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीसाठी प्रार्थना करायला बाई गेल्या. मीही होते. निघताना म्हातारीनं उशाचा डबा पुढं केला. "घ्या थोडी सुकडी. अण्णा आनून द्यायचा, आता ईत न्हाई." डब्याकडे गेलेला बाईंचा हात तसाच राहिला.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता. भाकर मोडून वाटायच्या आधी बाई उठल्या. पाळकांना म्हणाल्या, "एकाच्या मनात माझ्याविषयी सल हाय. त्याच्याशी समेट केल्याबिगर मला हितं बसता येत न्हाई." आणि भर उन्हात निघाल्या. मी मागोमाग धावले.

अण्णा ओट्यावर बसले होते. बाईंनी हात जोडून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "बाई, बोललात तवा समदी रांग ऐकत हुती. माफी मातर एकट्यात?"

"खरं हाय, अण्णा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, हंड्या-कळशांची रांग लागली. बाई रांगेपुढं उभ्या राहिल्या. "मी अण्णावर खोटा आळ घेतला. न विचारता बोलले. दुसऱ्यांना सांगायला शास्त्र पाठ हाय मला, सोतावर येळ आली तवा आठवलं न्हाई." रांगेतली एकजण तोंडाला पदर लावून हसलीसुद्धा. पुढच्या रविवारी अण्णा आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले.

दोन वर्षांनी बाईंची बदली झाली. अण्णांनीच बैलगाडी जुंपली आणि आम्ही दोघांनी त्यांना घोडेगावला एसटीत बसवून दिलं. परतताना गाडी हाकता हाकता अण्णा बोलले.

"मास्तरीनबाई, त्या रविवारी मी चर्चला आलो खरा, पर माफ केलं नव्हतं. मनातनं जायाला दीड वरीस लागलं. बाईंना ठावं हुतं ते."

"तुम्ही सांगितलंत?"

"न्हाई. पर दर बुधवारी वट्यावर यून बसायच्या. च्या प्यायच्या, पावसापान्याचं बोलायच्या, उठून जायाच्या. माफीचं पुन्ना एकदाबी काढलं न्हाई."

त्यांनी कासरा सैल सोडला.

"आता बुधवारी चुलीवर च्या ठिवायचा का न्हाई, काय कळंना," म्हणाले.