डाव्या चाकाला वंगण

आमच्या घरात दोन तज्ज्ञ आहेत. एक माझा नवरा. तो हिंजवडीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि गाडीचं बॉनेट कसं उघडतात ते दर वेळी मोबाइलवर बघतो. दुसरे माझे सासरे. ते मोबाइल बघत नाहीत, कुणाला विचारतही नाहीत, सरळ पाना घेऊन बसतात. मी चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. पण मी पडले घरची सून, त्यामुळे ब्रेकबद्दल मला विचारायचं कुणाला सुचत नाही.

गाडी सासऱ्यांची. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा रोज सकाळी पिंपळे गुरवहून निघोज्याला जायचे, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. आत्यांचे गुडघे गेल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. मामा जायचे, ओट्यावर बसायचे, भाऊबहीण गावातल्या समस्त लोकांना नावं ठेवायची, आणि जेवायला हे परत. एवढ्यासाठी चाकणच्या त्या ट्रॅफिकमधून जायचं म्हणजे नवऱ्याच्या जिवाला घोर. ‘आता गाडी बंद करा, चावी माझ्याकडे द्या,’ हे त्याचं कित्येक महिने चाललं होतं.

तेवढ्यात गाडीने त्याला निमित्त दिलं. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून किरकिर यायला लागली आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली. नवरा ती कोपऱ्यावरच्या गॅरेजला घेऊन गेला. मेकॅनिकने चाकाच्या फटीतून नुसतं वाकून बघितलं, ‘पॅड संपलेत’ म्हणाला, आणि सहज विचारलं, ‘बाबा ब्रेकवर पाय ठेवून चालवतात का?’

झालं. नवरा पॅड न बदलताच तो एक प्रश्न घेऊन घरी आला.

‘बघा, मेकॅनिकसुद्धा म्हणतो. पाय ब्रेकवरच असतो तुमचा. रविवारपासून चावी माझ्याकडे.’

मामा शांतपणे भाकरी कुस्करत होते. म्हणाले, ‘बैल एका अंगाला वढाया लागला तर आमी जू बघायचो. हाकणाऱ्याचं पाय न्हाई.’

नवरा ‘हे बघा, विषय बैलांचा नाहीये’ वगैरे बोलत राहिला. मला मात्र मामांचं पटलं. ब्रेकवर पाय ठेवून चालवणाऱ्याचे पॅड दोन्हीकडे सारखेच झिजतात. पेडल एकच, त्याला डावं-उजवं काय कळतंय? एकच बाजू ओरडत असेल तर दोष त्या बाजूचा. हे मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘तू वडिलांचीच बाजू घेणार.’ म्हटलं बरं, घेते.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे मी घरी. नवरा हिंजवडीत. सासरा-सुनेने अंगणात जॅक लावला. चाक काढलं, कॅलिपर सोडवला. कॅलिपर म्हणजे फिरत्या चकतीला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा लोखंडी पंजा. त्याच्या आतल्या बाजूचा पॅड पार पत्र्याला टेकला होता, बाहेरच्या बाजूचा जवळजवळ नवा. पंजा ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक हलायलाच तयार नव्हती. पंजा अडकला की चिमटी नीट बसत नाही आणि नीट सुटतही नाही. मग आतला पॅड फुकटचा घासत राहतो.

जोर लावून पिन ओढून काढली. तिचं रबर रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं, आणि भोवती काळंकुट्ट ग्रीस थापलेलं. या पिनांना वेगळं ग्रीस लागतं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. हे तर सरळसरळ ट्रॅक्टरचं होतं.

‘मामा, हे कुणी घातलं?’

मामा समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघायला लागले.

‘मामा.’

‘खंडेनवमीला,’ ते म्हणाले. ‘पाण्याच्या मोटारीला ग्रीस दिलं, ट्रॅक्टरला दिलं, कोयत्या-कुदळीला त्याल लावलं. हिलाच का उपाशी ठिवायचं? आन् त्या गॅरेजवाल्यानं मागं चिमूटभर लावल्यालं मी बघितलं व्हतं. चिक्कू मेला.’

‘मग उजवं चाक कसं वाचलं?’

‘तवा तू च्याला हाक मारली.’

मी तिथेच फरशीवर बसून हसले. मामा आधी रागावले, मग तेही हसले. पाय निर्दोष सुटला होता आणि हात सापडला होता. ‘त्याला सांगू नको,’ म्हणाले. ‘पायाचं सांग. हाताचं नको.’

मी चिंचवडला जाऊन सामान आणलं. पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, कारण एकीकडे नवे आणि एकीकडे जुने घातले तर गाडी पुन्हा ओढणार. डावी चकती चरे पडून गेली होती, म्हणून चकत्यांचीही जोडी नवी घातली. पिना लख्ख पुसल्या, नवी रबरं चढवली, आणि पिनांचं खास ग्रीस लावलं, चिमूटभर. मामांनी तेवढ्या वेळात ‘अजून थोडं’ म्हणून बघितलं. मी ट्यूब ओच्यात लपवली.

मग पेडल कडक होईपर्यंत दाबून घेतलं आणि गाडी चालवून बघायला भोसरीच्या बाजूला गेलो. सुट्टीमुळे कंपन्यांचे रस्ते मोकळे होते. मामा चालवत होते, मी शेजारी. ब्रेक दाबला की गाडी सुतात थांबायची, किरकिर नाही की ओढ नाही. मामा खुशीत. ‘पोराला म्हणावं, आता बस शेजारी.’

पुढच्या वळणाला एक कंटेनर उभा होता. मी म्हटलं, आता दाबतील ब्रेक. मग वाटलं, आता तरी. मग मी ओरडले. मामांनी करकचून पाय दाबला आणि गाडी नाकासमोर सरळ, कंटेनरच्या वीतभर अलीकडे थांबली.

मामांनी इंजिन बंद केलं.

‘ब्रेक झ्याक लागला,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, त्यो चाललाय.’

मग त्यांनी चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली, खाली उतरले, आणि गाडीला वळसा घालून मागच्या सीटवर जाऊन बसले. मी सरकून स्टिअरिंगमागे बसले. आरशात बघायची हिंमत झाली नाही, म्हणून मी गाडी सुरू केली.

संध्याकाळी नवरा आला. मी सांगितलं, पायाचा दोष नव्हता, पिन अडकली होती. तो खजील झाला. मग त्याला टेबलावर चावी दिसली.

‘मग ही इथे का?’

मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, ‘तुझीच हाय ती. तूच मागत व्हतास नव्हं? आता गुरवारी ही निघोज्याला नेईल, रैवारी तू. बाकीचं दिवस आक्काला फोन लावून द्यायचा. मला त्यो लागत न्हाई.’

एवढं बोलून ते आत गेले. नवरा चावीकडे बघत उभा राहिला. इतके महिने मागत होता, आणि आता ती उचलायला त्याचा हात पुढे होईना.