पंचफुलाबाईंच्या दोन गिटारी

खामगावात किसनरावांचा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. १९६९ साली त्यांनी त्याला जोडून ऑर्केस्ट्रा काढला आणि मी त्यात निवेदक झालो. दिवसा शाळेत मराठी शिकवायचो, कार्यक्रम असला की कोट चढवून माइकसमोर उभा राहायचो. चौदा वर्षं हे केलं. एवढी वर्षं पंचफुलाबाई माझ्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे, गिटार घेऊन असायच्या. ‘वऱ्हाडातली एकमेव महिला गिटारवादक’ असं मी लोकांना सांगायचो. ते खरं होतं की नाही मला ठाऊक नाही. किसनरावांनी लिहून दिलं होतं, मी म्हणायचो.

बाई मूळच्या डोणगावच्या. त्यांचे वडील जानराव क्लॅरिनेट वाजवायचे. आधी लग्नाच्या बँडमध्ये, जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत, आणि मग आमच्याकडे. घरात एक बेंजो होता, बटणं दाबून वाजवायचा. पंचफुला लहानपणापासून तो वाजवायची. आमचा पहिला गिटारवाला पहिल्याच वर्षी रेल्वेत नोकरी लागली म्हणून भुसावळला निघून गेला, तेव्हा जानराव मुलीला तालमीला घेऊन आले. सतरा वर्षांची होती. तिने ऑर्केस्ट्राची गिटार मांडीवर आडवी घेतली, बेंजोसारखी. सगळे हसले. ती हसली नाही आणि लाजलीही नाही. कशी धरायची ते विचारून घेतलं आणि दोन महिन्यांत बारा गाणी बसवली.

ती पहिली गिटार कलकत्त्याहून आणलेली, लाल रंगाची होती. आमच्याकडच्या चैत्रातल्या उन्हाने तिची मान वाकायची आणि तारा लाकडापासून अर्धं बोट वर यायच्या. त्या दाबता दाबता बाईंची बोटं सोलून निघायची. चार वर्षं त्यांनी तीच वाजवली. गिटार अशीच असते, असं त्यांना वाटायचं.

१९७३ साली किसनराव मुंबईहून फेंडर या अमेरिकी कंपनीची विजेवरची गिटार घेऊन आले. परदेशी निघालेल्या कुणा वादकाने विकली होती. दुधावरच्या सायीच्या रंगाची, भरीव लाकडाची, एका फळीतून कापून काढल्यासारखी. मानही चार स्क्रूंनी जोडलेली. आम्ही तिला फळीच म्हणायला लागलो. पण बाईंनी पहिली तार छेडली आणि दुकानासमोरून जाणारा माणूस थांबून आत डोकावला. आवाज टोकदार होता, ढोल आणि ब्रास यांच्यातून सरळ बाहेर यायचा. नांदुऱ्याच्या एका कार्यक्रमात मैदानाच्या शेवटी, बैलगाड्यांवर बसलेल्या लोकांनाही गिटार वेगळी ऐकू आली. त्या वर्षी बाई खुशीत होत्या. त्यांना खुशीत बघितल्याचं मला तेवढंच एक वर्ष आठवतं.

त्या फळीची एक अडचण होती. खेड्यांत आम्ही पिठाच्या गिरणीवरून वायर ओढायचो, स्टेजवर ट्यूबलाइटी लावायचो. वीज अशी आली की फळी भुणभुणायला लागायची, भुंगा कानात शिरल्यासारखी. आमचा अँप्लिफायर सांभाळणारा पुंजाजी म्हणाला, दोष गिटारीचा नाही, लाइनीचा आहे. अंग जरा वळवून उभं राहा, एका कोनात आवाज बसतो. बाईंनी तो कोन शोधून काढला. तेव्हापासून त्या लोकांकडे खांदा करून तिरप्या उभ्या राहायला लागल्या. लोकांना वाटलं, ही अदा आहे. किसनरावांनी तर तसा फोटो काढून पोस्टरवर छापला.

तीन वर्षांनी दुसरी विदेशी गिटार आली, गिब्सन कंपनीची. मुंबईच्याच एका हॉटेलात वाजवणाऱ्या म्हाताऱ्या वादकाची. काळपट तांबूस, पोटाशी फुगीर, आणि जड. पुंजाजीने उचलली आणि म्हणाला, हा तर पाटा आहे, वरवंटा कुठं आहे? नाव पडलं. किसनरावांना ती विशेष आवडली नाही, पण दोन विदेशी गिटारी असलेला ऑर्केस्ट्रा म्हणून जाहिरात करता येत होती. बाईंनी अर्धी गाणी हिच्यावर आणि अर्धी तिच्यावर वाजवायची, असं ठरलं.

पाटा बाईंना लगेच आवडला नाही. आवाज जाड, गर्दीत बुडणारा. पण हळूहळू त्यांच्या ध्यानात काय काय येत गेलं, ते एसटीच्या प्रवासात त्या मला सांगायच्या. पाट्याच्या तारा थोड्या आखूड आणि म्हणून मऊ होत्या. त्यांच्या लहान बोटांना दाबायला कमी जोर लागायचा. गिरणीची लाइन असो की ट्यूबलाइट, पाटा भुणभुणायचा नाही. आणि मुख्य म्हणजे सूर टिकायचा. फळीवर सूर लगेच विझतो, म्हणून सारखं काही ना काही वाजवत राहावं लागतं. पाट्यावर एक तार छेडली की ती गाणाऱ्याच्या श्वासाइतकी पुरायची. थकलेल्या माणसाला ते किती मोठं असतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आणि बाई थकल्या होत्या. लग्न झालं होतं, दोन मुली होत्या. नवरा तुळशीराम कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. शांत माणूस, बाई दौऱ्यावर असल्या की मुलींच्या वेण्या तोच घालायचा. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत आम्ही महिन्यातले पंधरा-सोळा दिवस फिरायचो. मेहकर, चिखली, मलकापूर, मधूनच अकोला. एसटीच्या टपावर सामान चढवायचं, उतरवायचं, जेवण मिळेल तिथं. आणि तीन तास उभं राहायचं, डाव्या खांद्यावर पाच किलोचा पाटा. १९७९ च्या सुमारास त्यांचा डावा हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं.

किसनरावांचं म्हणणं सरळ होतं. फळी हलकी आहे, सगळी गाणी फळीवर वाजवावी. कुणालाही पटेल असंच. मीही बाईंना तेच सांगितलं.

तुळशीरामने मात्र वेगळं विचारलं. ही गोष्ट त्यानेच नंतर मला सांगितली. दुपारी तो बाईंच्या खांद्याला तेल चोळत होता आणि म्हणाला, “तुले कोनती आवडते?”

दहा वर्षांत हा प्रश्न बाईंना कुणी विचारलाच नव्हता. कोणती दिसते चांगली, कोणती ऐकू जाते, कोणती परवडते, हेच सगळे बोलायचे. बाई म्हणाल्या, “पाटा.”

“मंग बसून वाजव ना.”

किसनरावांना विचारलं तर ते नाही म्हणाले. रागावले नाहीत, समजावून सांगितलं. बाई गिटार घेऊन उभी आहे हे बघायला लोक येतात. खुर्चीवर बसलेली बाई लोकांनी शाळेत बघितलेली आहे. बाईंनी वाद घातला नाही. पुढचा कार्यक्रम मेहकरला होता. तिथं संध्याकाळी पडदा उघडायच्या आधी त्या पाहुण्यांच्या रांगेत गेल्या, एक लोखंडी घडीची खुर्ची स्वतः उचलून आणली, उजव्या हाताने, आणि आपल्या जागी मांडून बसल्या. पाटा मांडीवर घेतला.

पडदा उघडला. पुढून कुणीतरी ओरडलं, “उभी राह्य ना बे!” मागून दोघातिघांनी री ओढली. मी माझं ते ठरलेलं वाक्य गाळलं आणि गाण्याचं नाव तेवढं सांगितलं. किसनराव विंगेत होते, त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. बाईंनी डोकं वर न करता गाणं सुरू केलं. पहिलं गाणं लोक बोलत होते. दुसऱ्याला थोडे कमी. लोक एकदम मुग्ध वगैरे झाले नाहीत. सवय झाली, एवढंच. मध्यंतरात चहा पिताना किसनराव म्हणाले की खुर्ची आपल्या दुकानातून आणत जा, लोकांची घेऊ नका.

त्यानंतर चार वर्षं बाई बसून वाजवत राहिल्या. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात चांगलं वाजवणं तेच. कमी वाजवायच्या. जिथं आधी दहा सूर असायचे तिथं दोन असायचे. जानराव तेव्हा म्हातारे झाले होते, क्लॅरिनेट सुटलं होतं. हिवरा आश्रमाजवळच्या एका गावात आमचा कार्यक्रम ऐकायला ते आले आणि मला म्हणाले, “मास्तर, आता पोरगी दम घेऊन वाजवून राह्यली.” लेकीला ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडे तशी पद्धत नव्हती.

मग कॅसेटी आल्या, गावोगावी व्हिडिओ आले. १९८३ च्या दिवाळीनंतर किसनरावांनी ऑर्केस्ट्रा बंद केला. सगळे दमलेच होते, कुणी फारसं दुःख केलं नाही. सामान विकायला काढलं. नागपूरच्या एका पार्टीचा गिटारवाला येणार होता, चाळिशीचा माणूस, त्याला एकच गिटार हवी होती. किसनरावांनी बाईंना बोलावून सांगितलं की तो जी घेणार नाही ती तुमची. त्यांच्या स्वभावाच्या मानाने हे मोठं होतं आणि त्यांनी ते मनापासून केलं.

तो माणूस दुपारी आला. मी दुकानातच होतो. त्याने दोन्ही गिटारी आळीपाळीने वाजवल्या, चांगला वाजवणारा होता. मग बाईंना म्हणाला, “ताई, तुम्ही इतकी वर्षं वाजवल्या. कोणती घेऊ?”

बाईंनी त्यालाच विचारलं, कुठं वाजवता, उभं राहून की बसून, सोबत काय असतं. तो म्हणाला, लग्नं, गणपती, उघडी मैदानं, उभं राहून, सोबत ब्रास आणि दोन ढोल. बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. उघड्या मैदानात फळीच बाहेर ऐकू येते. पाटा ब्रासमध्ये बुडेल. तीन तास उभं राहणाऱ्याचा खांदा पाटा खाईल, हा पाहा माझा. भुणभुण आली तर अंग कसं वळवायचं, तेही त्यांनी उभं राहून दाखवलं.

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. त्या माणसाला फळीच योग्य होती. आणि बाईंना पाटा हवा होता.

त्याने ऐकून घेतलं, किसनरावांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उरलेली गिटार बाईंना मिळणार हे किसनराव त्याला आधीच बोलून बसले होते. तो जरासा हसला. “चांगली वस्तू घरी ठेवायची असते ताई, मला कळतं,” असं म्हणाला आणि पाटा उचलला.

मी बोलायला गेलो. बाईंनी हाताने थांबवलं. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या मास्तर. किती सांगावं.”

मला वाटलं होतं त्या रडतील, निदान चिडतील. त्यांनी पाट्याच्या पेटीत तारांचे दोन जास्तीचे संच होते ते त्याला दाखवले, पट्टा कोणत्या भोकाला लावला की कमी ओढतो ते सांगितलं, आणि फळी घेऊन रिक्षाने घरी गेल्या.

पुढे त्यांना सरकारी दवाखान्यात आयाची नोकरी लागली. मी निवृत्त झालो. अधूनमधून मी त्यांच्याकडे जातो. अँप्लिफायर त्यांच्याकडे नाही, त्यामुळे फळीचा आवाज खोलीच्या बाहेर जात नाही. कामावरून आल्यावर त्या कधीकधी खाटेवर बसून वाजवतात, कधी महिना महिना हात लावत नाहीत. एकदा मी विचारलं की आता ही आवडायला लागली का. खोटं बोलायचा त्यांना कंटाळा आहे.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पण हातातली आहे.”

मागच्या आठवड्यात मी अकोल्याला निघालो होतो, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला. पहिली तार तुटली आहे, मिळाली तर आणा. बाकीच्या पाच अजून चालतात.