केक कापणारीची तोंडी परीक्षा

मंगळवार, ४ मार्च. हवा कोरडी. नळ दुरुस्त झाला. बेकरीतली केक कापणारी चारला आली. पुन्हा 'इन्टू'च्या जागी 'बिट्वीन'.

तिला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी वहीत एवढं टिपलं आणि पेनाला टोपण घातलं. शनिवार चार दिवसांवर आला होता.

केक कापणारी बावीस वर्षं बेकरीच्या मागच्या खोलीत उभ्याने केक कापत होती. आता तिचे गुडघे बोलायला लागले होते आणि डॉक्टरांनी उभं राहणं बंद करायला सांगितलं होतं. पुढे फोनपाशी बसायची जागा रिकामी झाली होती, पण तिथे ऑर्डरी इंग्रजीत यायच्या. मालकाने शनिवारी तोंडी परीक्षा ठेवली. जमलं तर खुर्ची, नाहीतर घरी.

बाईंना कॉन्व्हेंटात जसं शिकवलं होतं, तसंच त्यांनी शिकवलं. पट्टीने तक्ता आखला. तुकडे करायचे तर 'इन्टू', दोघांत वाटायचं तर 'बिट्वीन', जास्त जणांत 'अमंग', बरोबर अर्धं करायचं तर 'इन हाफ'. ती तक्ता घडाघडा म्हणून दाखवी, पण मधूनच एखादं वाक्य विचारलं की गाडी रुळावरून घसरे.

बुधवारी ती येताना पाव घेऊन आली. चहा ठेवता ठेवता बाईंनी तिला तो कापायला सांगितला आणि सहज विचारलं, काय करते आहेस, इंग्रजीत सांग. बाईंच्या लाकडी मुठीच्या सुरीने पाव चिरत ती म्हणाली, कटिंग इट इन्टू एट. मग दोन बश्यांत तुकडे मांडताना बिट्वीन, तिसरी बशी पुढे सरकवताच अमंग. एकही चूक नाही. बाईंनी तक्ता घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. शुक्रवारपर्यंत दोघींनी तीन पाव संपवले.

निघताना ती दारात घुटमळली.

"बाई, उद्यापुरती ही सुरी नेऊ का? हात रिकामा असला की माझी जीभ अडते."

"ने. पण फडक्यात गुंडाळ. रस्त्यात कुणी बघितलं तर बिचारं पळत सुटेल."

शनिवारी मालकाने आतल्या खोलीतून गिऱ्हाईक बनून फोन लावला. ती दोन ऑर्डरींना अडखळली. मग पिशवीतून सुरी काढली, रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला आणि हवेत केक कापत कापत उरलेल्या सगळ्या ऑर्डरी बिनचूक परत म्हणून दाखवल्या. मालक काचेतून बघत होता. बाहेर येऊन म्हणाला, "फोनवरच्या माणसाला सुरी दिसत नाही, तेव्हा चालेल. सोमवारपासून बस इथे."

हे सगळं सांगायला ती संध्याकाळी आली. आज पहिल्यांदाच खुर्ची पुढे करायच्या आधी बसली. सुरी मात्र काउंटरवरच विसरली होती. आणखी काही दिवस राहू दे, असं बाईंनीच सांगितलं.

रात्रीच्या जेवणानंतर बाईंनी वही उघडली.

शनिवार, ८ मार्च. केक कापणारी पास. घरात सुरी नाही, पाव हाताने तोडला.