गाडीच्या छताला लावलेला माइक

मी क्वालिटीत काम करते, सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका यार्न कंपनीत. दिवसभर माझं एकच टुमणं असतं... सॅम्पल दाखवा, रीडिंग दाखवा, मग बोला. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालंच नाही, असं मी ट्रेनी पोरांना तोंडावर सुनावते. या ग्रुपवरचे असले अनुभव मी वाचायचे ते जेवणाच्या सुट्टीत, हसायला. दोघा-तिघांच्या लिखाणाखाली "आधी कान तपासून घ्या" असल्या खवचट कमेंटही टाकल्यात. त्या मंडळींनी आता खुशाल उट्टं काढावं. मी थापा मारत नाहीये एवढंच सांगते, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही सिल्वासात राहतो, टोकरखाड्याला. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, अण्णा. मूळचे पालघरकडचे, इथल्याच सरकारी शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले. मी लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही हा इथला विषय नाही. आई मागच्या हिवाळ्यात गेली. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, डायलिसिस चालू होतं. सकाळी तिला हॉस्पिटलात सोडायचं, दुपारी कंपनीतून निघून घरी पोचवायचं, परत कंपनी गाठायची... असं बरंच चाललं. अण्णा एकदाही आले नाहीत. "मला तिथला वास सहन होत नाही," म्हणायचे. झालं. त्यावर कोण काय बोलणार?

आई मागच्या सीटवर उशी टाकून आडवी व्हायची आणि तिथून अखंड बोलायची. डायलिसिसनंतर माणूस पार गळून जातं, पण हिचं तोंड चालूच. शेजारणीची सून, नर्सबाईचं जमलेलं लग्न, भेंडीचा भाव. मीही तिला सगळं सांगायचे. घरी जे बोलता येत नव्हतं ते आम्ही त्या गाडीत बोललो. ती गेल्यावर गाडीत बसवेना. घर परवडलं, तिथे निदान कुकरची शिट्टी तरी होते. गाडीतली शांतता मात्र खायला उठायची.

म्हणून म्हटलं, गाणी लावू. माझी हॅचबॅक सेकंडहँड, गाडीबरोबर आलेला स्टिरिओ खरखरायचा आणि दाराचे स्पीकर आवाज वाढवला की पत्र्यासकट थरथरायचे. बजेट बेताचं. महिनाभर व्हिडिओ बघून, लोकांचे सल्ले वाचून मी प्लॅन केला. ब्लूटूथवाला साधा स्टिरिओ, पुढच्या दारांना चांगले स्पीकर, बारीक आवाजासाठी ट्वीटर वेगळे, दाराच्या आत पत्रा थरथरू नये म्हणून डॅम्पिंग शीट. मागचे स्पीकर आहेत तेच. सबवूफर, ॲम्प्लिफायर वगैरे चोचले बंद. नरोली रोडवरच्या दुकानदाराने मान डोलावली. "बेन, तमे तो बधू भणीने आव्या!" म्हणाला. म्हणजे सगळा अभ्यास करून आलात! मला जाम बरं वाटलं.

एकच गोष्ट त्याच्या मनाने झाली. फोनवर बोलायचा माइक स्टीअरिंगजवळ लावायचा होता, पण तिथली क्लिप तुटली. त्याने तो छताला, मधल्या दिव्याशेजारी लावून दिला. "इथून पूर्ण गाडीचा आवाज पकडेल," म्हणाला. मी म्हटलं, चालेल.

आवाज झकास आला, काय सांगू! मी हात स्टीअरिंगवर वाजवत घरी आले. आई गेल्यापासून पहिल्यांदा मला गाडी चालवायला मजा आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीतून निघाल्यावर गाणं थांबवून अण्णांना फोन लावला. दूध आणायचंय का, एवढंच विचारायचं होतं.

"आणायचंय," अण्णा म्हणाले. "पण कोणाला घेऊन येतेयस? मागे कोण बडबडतंय?"

"कोणी नाही. मी एकटीच आहे."

"अगं बाय, बोलतेय ना ती..." आणि ते गप्प झाले. मला वाटलं रेंज गेली. मग नव्या स्पीकरमधून, अगदी कानाशी, अण्णांचा आवाज आला, "सुमन?... सुमन!"

सुमन माझ्या आईचं नाव. मी जन्मल्यापासून अण्णांनी तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "अगं" आणि "ऐकलंस का", एवढ्यावर संसार झाला. मला काळजी वाटली ती अण्णांची. म्हटलं, गेलं यांचं डोकं.

घरी आले तर फोन मांडीवर घेऊन बसले होते. "तुझी आई होती. शेजारणीच्या सुनेचं काहीतरी सांगत होती तुला."

"अण्णा, दूध तापवते, तुम्ही पडा जरा."

"मी हाका मारल्या तर तिला ऐकू गेलं नाही."

आता मी कशी आहे ते सांगितलंच. मी टेस्टिंग केलं. कंपनीतल्या मैत्रिणीला गाडीतून फोन केला, तिला एसीची घरघर आणि टेम्पोचे हॉर्न ऐकू आले. कॉल रेकॉर्ड केला, त्यात मी आणि अण्णा, तिसरं कोणी नाही. अण्णांना गाडीत बसवून मी घरून फोन केला... त्यांचा श्वास तेवढा ऐकू आला. ते विचारत होते, "काय म्हणतेय? बोलतेय का?" आणि मी म्हणत होते, नाही. म्हणजे मी चालवत असताना, घरी बसलेल्या अण्णांना, एवढ्याच जुळणीत तो आवाज होता. मी निष्कर्ष काढला... दुःख, वय, भास. त्यांना डॉक्टरकडे न्यायचंही ठरवलं.

आणि मग एकदा जेवताना अण्णा म्हणाले, "पुण्याची नोकरी सोडल्याचा राग आहे का ग तुला आईवर?"

पुण्याहून मला ऑफर आली होती, आईचं डायलिसिस होतं म्हणून मी नाही म्हटलं. हे मी फक्त आईला सांगितलं होतं, गाडीत. तीसुद्धा रडली होती आणि अण्णांना कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. जगात तिसऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी मानलं. आणि मानल्याबरोबर दुसरंच सुरू झालं. ती माझ्याशी बोलतेय! माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर. आणि ऐकतंय कोण, तर अण्णा!

"काय म्हणाली आज?" मी दारातूनच विचारायचे.

"काही नाही. तिचं नेहमीचं."

"म्हणजे काय?"

"भाजीबिजी."

मला वेड लागायची पाळी आली. ते मात्र माझा फोन यायच्या आधी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायला लागले. "लांबच्या रस्त्याने ये," म्हणायचे. आणि मी, ढीगभर पेट्रोल जाळून, रिंग रोडला फेऱ्या मारायचे. ड्रायव्हर! माझ्याच गाडीत मी ड्रायव्हर झाले होते. फोनवर अण्णा एक शब्द बोलत नसत. मी विचारायचे तर "श्श!" करायचे. त्यांना हाक मारून उपयोग नव्हता आणि मला काही सांगत नव्हते, म्हणून कंटाळून मी फोन चालू ठेवूनच दुसऱ्या मोबाइलवर हळू आवाजात गाणी लावायला लागले. नुसती ती आरशातली रिकामी सीट बघत किती फिरणार?

एका रविवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही अण्णा? आयुष्यभर तिला बोलू दिलं नाहीत. ती बोलायला लागली की रेडिओचा आवाज वाढवायचात. हॉस्पिटलात एकदा फिरकला नाहीत. आणि आता नटूनथटून ऐकत बसताय! ती माझ्याशी बोलतेय, माझ्याशी! शब्दन्‌शब्द सांगा, नाहीतर आत्ता खाली जाऊन तो माइक उपटून फेकते."

मी चावी उचलली. अण्णांनी माझा दंड धरला.

"नको विचारू बाय."

"सांगा."

"सुरुवातीला गप्पाच मारत होती ग," ते म्हणाले. "नंतर विचारायला लागली. आता रोज तेच. 'वैशू, माझं काय चुकलं? बोलत का नाहीस माझ्याशी? पुण्याचा राग आहे का?' तू काही बोलत नाहीस. मग थोडा वेळ थांबते. तू गाणं लावतेस. मग म्हणते, 'बरं. ऐक तू गाणं.'"

मी चावी परत ठेवली.

"आणि अजून एक म्हणते," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हणते, 'हिने पण त्यांचंच उचललं.'"

एवढे दिवस मी त्यांना स्वार्थी समजत होते. ते माझ्यापासून लपवत होते, बरोबर. पण ऐकायला तरी रोज बसतच होते ना! मला लांबच्या रस्त्याने पाठवत होते, म्हणजे ती आणखी थोडा वेळ विचारत राहील. मला त्यांची कीव करावी की त्यांचा गळा धरावा, काही कळेना. अजूनही कळत नाही.

सोमवारी कंपनी सुटल्यावर फोन लावला. गाणी बंद. गाडी सुरू केल्या केल्या मी ओरडायला लागले. "आई, मला ऐकू येत नाही ग! रागावले नाहीये! मला तुझा आवाज येत नाही, आई!" शेजारून जाणारे बाइकवाले वळून बघत होते. बघू देत.

"काय म्हणतेय, अण्णा?"

"तेच विचारतेय. तिला तुझं ऐकू जात नाही."

मी हॉर्न वाजवला. डोक्यावरचा दिवा लावला, बंद केला. डावा हात मागे घालून सीट चाचपली, तिचा पाय लागेल म्हणून. रडत होते, चालवत होते, ओरडत होते. घसा बसला.

"अण्णा?"

"थांब." मग, "म्हणतेय... 'पोरीला माझा त्रास होतोय. मला इथेच उतरव वैशू. मी जाईन.'"

शिफ्ट सुटायची वेळ होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कामगारांचे लोंढे आपापल्या खोल्यांकडे निघालेले. मी इंडिकेटर देऊन एका वडापावच्या गाडीशेजारी गाडी लावली, इंजिन चालू ठेवलं.

"का थांबलीस?" स्पीकरमधून अण्णा. "वैशू, का थांबलीस?"

"तिला उतरायचंय."

"काही गरज नाही! चालव तू. दार उघडू नकोस, सांगून ठेवतो. खबरदार!"

मी उतरले. तोवर ते ओरडत होते आणि चांगल्या स्पीकरमुळे रस्त्यावरसुद्धा शब्द अन् शब्द स्वच्छ येत होता. "वैशू, नको ग! मला दुसरं काही नाही आता! वैशू!" वडापाव खाणारे सगळे आमच्याकडे बघायला लागले.

ती मला ऐकू शकत नव्हती. मी तिला ऐकू शकत नव्हते. पण तिने एक गोष्ट मागितली होती आणि ती मला करता येत होती. रोज तसंच बसून "माझं काय चुकलं" विचारत तिला फिरवायचं, अण्णांच्या करमणुकीसाठी? नाही जमणार. मी मागचं दार उघडलं. हॉस्पिटलच्या दारात धरायचे तसा हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. एका माणसाला वाटलं मी लिफ्ट देतेय, तो विचारायला आला, "नरोली साइड जाओगे क्या?" मी नकारार्थी मान हलवली.

आत अण्णांचा आवाज एकदम थांबला होता. नंतर हुंदका ऐकू आला. मग फोन कट झाला.

त्यानंतर अण्णांना गाडीतून कधीच काही ऐकू आलं नाही. मी पुष्कळ दिवस फोन लावून बघितला, गाणं न लावता. तेही सुरुवातीला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, मग बसेनासे झाले.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वायरिंग पुन्हा तपासून घेतलं, दुकानदार म्हणाला सगळं ओके. कुणाला काही सुचत असेल तर लिहा, माझी टिंगल केलीत तरी चालेल. पण खरं सांगू? तो आवाज कुठून आला ते मला आता जाणून घ्यायचंच नाही. मला एवढंच हवंय की दार उघडलं तेव्हा आई काय म्हणाली. कारण ती काहीतरी म्हणाली. अण्णा रडले ते त्यानंतर. ते नाकारतही नाहीत. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "दार उघडताना मला विचारलं होतंस का?"

ते आता थकलेत. दम लागतो, गोळ्या वाढल्यात. त्यांच्याबरोबर ते वाक्यही जाणार हे मला दिसतंय, आणि त्यांनाही. आज सकाळी मी त्यांच्या पायाशी बसून पुन्हा विचारलं, हात जोडून विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, कपातला एक घोट घेतला आणि म्हणाले, चहात आलं कमी पडलंय.