तुकाबाईच्या जावयाची मागली खोली

डिंगोऱ्याच्या तुकाबाईला माणसांपेक्षा रोपांचं जास्त कळतं, आणि हे ती स्वतःच सांगते. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरात जन्मली. लग्न झाल्यावर नवऱ्यानं मेंढरं मोडून टोमॅटोच्या रोपांची नर्सरी घातली आणि चौथ्या वर्षी तो बिचारा वर गेला. नर्सरी राहिली बाईच्या गळ्यात. तीस वर्षं ट्रेमधल्या कोकोपीटात बोटं खुपसून तिची नखं कायमची तपकिरी झाली. रोप पिवळं पडलं की शेतकरी आधी तिच्याकडं यायचा, मग औषधाच्या दुकानात जायचा. ती पान उलटं करून बघायची, मुळाची माती हुंगायची आणि सगळ्यात आधी शेतकऱ्याची अब्रू काढायची.

"रोपाला काय बी झालेलं न्हाई. अक्कल तुला न्हाई, आन् ताप रोपाला आलाय."

औषध त्यानंतर. पण एक होतं, आजारी रोप तिनं कधी उकिरड्यावर टाकलं नाही. का आजारी पडलं ते कळल्याशिवाय तिला भाकर जायची नाही.

अशा बाईला मोतीबिंदू झाला. दसरा झाल्यावर ऑपरेशन उरकलं. डॉक्टर म्हणाला, महिनाभर ऊन नको, धूळ नको, चूल नको आणि दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब. सुनांना थेंब घालायला सवड नव्हती, किंवा सासूच्या तोंडाजवळ एवढं जायची हिंमत नव्हती. म्हणून लेक अंजना तिला अवसरी बुद्रुकला आपल्या घरी घेऊन आली. काळा चष्मा लावून तुकाबाई ओसरीत बसली की एखादा रिटायर झालेला गुंड बसल्यासारखं वाटायचं. दूधवाला लांबूनच रामराम घालून जायचा.

जावई जालिंदर. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दुधाची फॅट मोजायचा आणि मधल्या वेळात मोबाईलवर शेती करायचा. आधी त्यानं टाकीत शिंपले सोडून मोती काढायचं ठरवलं. शिंपले मेले आणि सगळी वस्ती आठ दिवस नाक धरून जेवली. मग फ्रिजमध्ये केशर. ते कोथिंबिरीशेजारी कुजलं. आता नवीन काहीतरी चाललं होतं, कारण घरामागच्या उसाला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीला दोन कुलपं होती आणि आत दिवसभर पंखा घरघरत होता.

"काय ठिवलंय गं त्यात?" तुकाबाईनं विचारलं.

"कॉम्प्युटर हाय म्हणत्यात," अंजना म्हणाली. "लई महागाचा. वारं लागाया नगं त्याला."

तिसऱ्या दिवशी तुकाबाई मागं मोरीकडं गेली आणि त्या दाराच्या फटीशी थबकली. डोळा अधू असला तरी नाक शाबूत होतं. मुळं कुजल्याचा वास तिला झोपेतही कळला असता.

जालिंदर डेअरीवरून आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"पावणं, तुमचा कॉम्प्युटर कुजलाय."

जालिंदरचं तोंड दुधात ताक पडल्यासारखं झालं. त्यानं बराच वेळ खिसे चाचपले, पण सासू हलेना. शेवटी कुलपं निघाली. आत जांभळा उजेड, भिंतींना चांदीचा कागद, आणि चार लाल बादल्यांत चार झाडं. गरम वाफ अशी तोंडावर आली की तुकाबाईचा चष्मा धुरकटला.

"अंबाडी हाय मामी," जालिंदर म्हणाला. "भाजीची."

"व्हय का? माझा बाप मेंढरामागं चिलीम वढायचा, तवा त्यात काय अंबाडीची भाजी भरायचा?"

मागून अंजना आली. तिनं झाडं बघितली, नवरा बघितला आणि हातातलं उलथनं त्याच्या खांद्यावर हाणलं. "गांजा! घरात गांजा! दोन पोरी हायेत माझ्या पदरात. पोलिसांनी ह्यांना येरवड्याला न्हेलं म्हंजी मी काय कॉम्प्युटर पाळू?"

"अगं, भीमाशंकरला शनवार-रईवार पुण्याची पोरं येत्यात, ती लई विचारत्यात," जालिंदर खांदा चोळत म्हणाला. "चारच तर झाडं हायेत."

"एका झाडाला पोलीस घरी सोडत्यात का?"

तुकाबाईनं 'उपटा आत्ताच्या आत्ता' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला. खालची पानं पिवळी. टोकं जळालेली. वरच्या पानांवर पिठासारखी भुरी. बुडखे बारीक आणि शेंडे मान टाकून, दहावीला तिसऱ्यांदा बसलेल्या पोरांसारखे. तिला कीव आली. जावयाची नव्हे.

"आधी बरी करू," ती म्हणाली. "मग बघू."

"आये!" अंजना ओरडली.

"तू गप. आजारी जीव हाये."

तीस वर्षं रोपं जगवलेल्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती.

जालिंदरनं मोबाईल दाखवला. त्यात दाढीवाला गोरा गडी खोली कशी उबवायची, हवेत ओल कशी ठेवायची ते सांगत होता. त्याच्या खिडकीबाहेर ढीगभर बर्फ पडलेला. जालिंदरनं सगळं जसंच्या तसं केलेलं. खिडकीला चिकटपट्टी, कोपऱ्यात वाफ सोडायचं मशीन, आणि वरून ऑक्टोबरात तापलेला पत्रा.

"त्या भाड्याच्या दारात बर्फ हाय म्हणून तो शेकतोय," तुकाबाई म्हणाली. "तुमच्या पत्र्याखाली कोंबडीबिगर आंडी उबत्याल. आन् पानी किती घालताय?"

"सकाळ-संध्याकाळ. प्रेमानं."

"प्रेमानंच मरायला लागलीत. बोट घाला की आत! चिखल हाय निसता. आन् खत?"

जालिंदरनं चार डबे दाखवले. तिनं ते उचलून दाराबाहेर ठेवले. "लेकरू हागवणीनं बेजार, आन् तुमी त्याला बासुंदी पाजताय."

वाफेचं मशीन बंद झालं. खिडकीची पट्टी निघून तिथं शेडनेट आलं. पत्र्यावर ओली पोती पडली. पंख्याचं तोंड झाडांवरून भिंतीकडं वळलं, "निसतं वारं हाललं पायजे, थोबाडीत न्हाई मारायची." भुरीची पानं तिनं एकेक खुडली. बादली उचलून हलकी लागल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. जालिंदर वहीत लिहून घ्यायला लागला तर तिनं वही काढून घेतली. "लिवू नगा. बघा."

आठवड्यात माना वर आल्या. दिवाळीपर्यंत झाडांनी खोली भरली, शेंड्यांना फुलं धरली आणि वास सुटला. आंब्याचा चीक, त्यात उदमांजराचा मूत, वरून गवतीचहा, असा तो वास. जालिंदर हरखला. अंजनानं घरभर धूप लावला तरी तो वास धुपाला खाऊन वर उरायचा. तुकाबाईचा डोळा केव्हाच बरा झाला होता, पण डिंगोऱ्याचा विषय निघाला की ती म्हणायची, "अजून जरा चुरचुरतंय." दुपारी चष्मा लावून ती त्या खोलीत बसायची आणि झाडांवर अशी नजर टाकायची, जशी तिनं सुनांच्या बाळंतपणातही टाकली नव्हती.

तेवढ्यात बिबट्या आला.

शेजारच्या बहिरूचं कुत्रं त्यानं दिवे लागायच्या वेळी उचललं. माग निघाला तो थेट जालिंदरच्या मागल्या खोलीशी, उसाच्या कडेला. दुसऱ्या दिवशी फॉरेस्टचा गार्ड कुंडलिक ट्रॅक्टरवर पिंजरा घेऊन हजर. पिंजरा कुठं लावायचा? जिथं माग, तिथं. खोलीच्या भिंतीपासून चार हातांवर. नको म्हणायची सोय नव्हती. घरात दोन लहान पोरी असताना पिंजरा नको म्हणणारा बाप वस्तीनंच पिंजऱ्यात घातला असता.

पिंजऱ्याला दोन खण. मागच्यात शेळी सुखरूप, पुढच्यात बिबट्यानं यायचं. शेळी बहिरूनं दिली. तिचं नाव बिजली. एस्टीच्या हॉर्नसारखा तिचा आवाज चार वस्त्यांना पाठ होता, म्हणूनच ती निवडली. शेळी ओरडली तर बिबट्या येणार. कुंडलिकनं समोरच्या लिंबाला फोटो काढणारा कॅमेरा बांधला आणि जालिंदरच्या भिंतीच्या सावलीला खुर्ची टाकली. दिवसभर वस्तीतले रिकामे लोक तिथंच. रात्री बाहेर पडायची कुणाची छाती नाही, आणि पडलाच तर कॅमेरा.

कुंडलिक बसल्या बसल्या नाक वर करायचा. "कसला वास येतोय वो मावशी? रानमांजराचा?"

"घूस मेलीया कुटंतरी," तुकाबाई म्हणायची.

"चार दीस झालं की."

"लई मोठी व्हती."

शुक्रवारी कुंडलिक म्हणाला, "सोमवारी आमचं सायेब यायचंत जागा बघाया. गर्दी लई व्हती म्हणून पोलीस बी येणार संगं."

त्या दुपारी दार लावून घरात बैठक बसली. अंजना रडत नव्हती, आणि तेच वाईट होतं.

"चुलीत घालतो," जालिंदर म्हणाला.

"घाला," अंजना म्हणाली. "समदी अवसरी हसत बसंल, आन् धूर कुटनं आला ते पोलीस इचारत येतील."

"दुधाच्या कॅनात घालून न्हेतो."

"कॅनाची झाकणं तुमच्या डेअरीवर कोन उघडतं? तुमीच का फकस्त?"

"मग संडासात..."

"चार झाडं? टाकी तुंबली की ती उपसणारा गाडीवाला बघंल काय निघालं ते."

तुकाबाई खिडकीतून बघत होती. बाहेर बिजली वाळलेली कडबाकुट्टी नाकानं उडवत बोंबलत होती. दिवसभर पिंजऱ्यात उभी, हिरवं काडीभर नाही. मेंढरांच्या घरातली बाई ती. भुकेल्या शेळीच्या ओरडण्याचा अर्थ तिला कळत होता.

"शेळीला घालायची," ती म्हणाली.

जालिंदर ताडकन उठला. "मामी! आत्ता कुटं फुलावर आल्यात!"

"मला शिकवू नगा. फुलावर मी आणल्यात."

"आठ-पंधरा दिसांचा परश्न हाय!"

"परश्न सोमवारचा हाय, जावईबापू. माझ्या लेकीचा हाय."

तिनं विळा घेतला. पहिल्या फांदीला लावला आणि तिचा हात थांबला. एका पानावर डाग नव्हता. एवढं निकोप झाड तिच्या सख्ख्या नर्सरीतही वर्षाकाठी दोन-चारच. तिनं जालिंदरला अशी शिवी हासडली की अंजनानं पोरींचे कान झाकले, आणि मग तिनं फांदी कापली.

पाटीत खाली तो पाला, वर लसूणघास. तुकाबाई पाटी घेऊन बाहेर आली.

"आजपास्नं शेळीचं मी बघते," ती कुंडलिकला म्हणाली. "मुकं जनावर उपाशी मारताय व्हय?"

कुंडलिकला बरंच वाटलं. बिजलीनं घास बाजूला सारला, खालचं हुंगलं आणि मग जे तोंड घातलं ते पाटीचा बूड दिसेपर्यंत. शुक्रवार, शनिवार, रविवार, दिवसाला तीन पाट्या. बुडखे तेवढे उरले, ते तुकडे करून उसाच्या पाचटात गेले.

शनिवारी सकाळी बिजली गप्प झाली. पाय पोटाखाली घेऊन बसली, हळूहळू रवंथ करत राहिली, आणि कुंडलिककडं अशी टक लावून बघू लागली की शेवटी त्यानंच नजर वळवली. रविवारी तिच्या शिंगावर कावळा बसला, तरी तिनं हरकत घेतली नाही. बिबट्याचा पत्ता नाही. तो उसातनं बाहेर कशाला येईल? हाक मारणारं कुणी पाहिजे ना.

"बहिरू, तुझ्या शेळीला झालंय काय?" कुंडलिक वैतागला. "सायेब आलं आन् ही अशी बसली तर माझी वाट लागंल."

"आठवण करून द्या तिला," बहिरू म्हणाला.

सोमवारी साहेबांची जीप वळणावर आली तेव्हा पिंजऱ्यासमोर गार्ड आणि शेळीचा मालक दोघंही उकिडवे बसून "ब्याँऽऽ, ब्याँऽऽ" करत होते, आणि शेळी ते मन लावून ऐकत होती.

साहेब जीपमधून उतरून शेळीकडं बघत राहिले. बरोबरचा पोलीस मात्र भिंतीकडं गेला, नाक फेंदारलं. "ह्या खोलीत काय आहे?"

जालिंदर मागं सरकायला लागला. अंजनानं त्याला मागून चिमटा काढून उभा धरला. तुकाबाईनं दार सताड उघडलं. जांभळा उजेड, चांदीचा कागद, मातीच्या चार बादल्या.

"नर्सरी," ती म्हणाली. "टमाट्याची रोपं करायचीत. डिंगोऱ्याला माझी तीस वर्षांची नर्सरी हाय, कुनालाबी इचारा."

"आणि वास?"

"घूस."

पोलीस आत डोकावला, बाहेर आला आणि पिंजऱ्याकडं वळला. बिजलीच्या ओठाला एक पान चिकटलेलं होतं. सात बोटांचं, हिरवंगार, एक डाग नसलेलं. तुकाबाई त्याच्या आधी गजांशी पोचली, आत हात घातला आणि पदरानं शेळीचं तोंड पुसलं, पोराचं पुसावं तसं.

"लई लाड करता शेळीचे," पोलीस म्हणाला.

"मानूस लाडाच्या लायकीचं न्हाई सायेब," तुकाबाई म्हणाली आणि जावयाकडं बघितलं.

साहेबांनी दोन वाक्यांत निकाल दिला. ही शेळी निरुपयोगी, ही जागा निरुपयोगी. पिंजरा ओढ्यापलीकडच्या वस्तीवर हलवा. कुंडलिकनं कॅमेरा सोडला, ट्रॅक्टर आला, पिंजरा गेला. अंजना ओसरीत मटकन बसली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. तुकाबाईनं मात्र त्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं नाही. पिशवी भरली. डोळा आता अजिबात चुरचुरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती डिंगोऱ्याला निघणार, एवढ्यात बहिरू शेळीची दोरी धरून अंगणात आला.

"मावशी, दोन दीस झालं, सोडली की तुमच्या मागल्या दाराला येऊन हुबी ऱ्हाती. आन् एवढी गुणाची झालीया, म्हनून सांगू! मारत न्हाई, वरडत न्हाई, धारंला पाय हालवत न्हाई. धा वर्सांत आशी कधी वागली न्हवती. पाला कसला घातला वो तिला?"

"आमच्या दारचाच. घास."

"घास न्हाई. मला वळखू येतो. काय तरी निराळं व्हतं. जरा बी द्या की त्याचं. मीबी लावतो बांधाला."

"बी न्हाई," तुकाबाई म्हणाली. "जावयानं काय तरी लावलं व्हतं, पर आलंच न्हाई. त्यांच्या हाताला साधी मेथी येत न्हाई. ज्याला हात लावत्यात ते मरतं."

बहिरू हसला. "व्हय, शिंपल्यांचा वास अजून हाय नाकात."

दारात उभा असलेला जालिंदर तांबडा झाला. मान ताठ झाली. छाती भरली. त्यानं बोट वर केलं. "कोन म्हणतं आलं न्हाई? आरं बहिरू, माझ्या खोलीत एकेक शेंडा आसा..."

अंजनानं त्याच्या उघड्या तोंडात गरम शेंगदाण्याचा अख्खा लाडू कोंबला आणि वरून तळहात दाबून धरला.

"गोड खावा," ती म्हणाली. "आई निघालीया."