शुक्रवारी पडणार!

हसणार नसाल तर सांगते. हसणारच असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागं हीच गोष्ट ऐकताना माझ्या नणदेच्या नाकातून चहा आला होता, आणि बोलणी बसली मला!

तर त्या दिवशी माझ्या कानावर आलं ते एवढंच –

"...शुक्रवारी पडणार! बाराला सुरू झालं की दोनपर्यंत सगळं खाली! लिहून ठेवा. आणि लोक नुसते..."

नेमकी तेवढ्यात माझ्या कुकरनं शिट्टी मारली.

लोक नुसते काय? कुकर उतरवून परत भिंतीपाशी येईस्तोवर पलीकडं "चला, पुढचं गणित" सुरू झालेलं.

तुम्ही म्हणाल, काकू, भिंतीपाशी कशाला? अहो, भिंत दोन घरांत मिळून एक आणि कान माझे स्वतःचे. यात चोरून ऐकणं कुठं आलं?

पलीकडं मोईन सरांचं शेड. मोईन म्हणजे माझ्या शेजारच्या रझियाआपाचा मुलगा, फिजिक्स शिकवतो. तेव्हा आमच्या लातुरात क्लासचं असं पीक आलेलं की ज्याची म्हणून गच्ची रिकामी, त्यानं वर पत्रे टाकून पोरं ठेवली. मोईन एका मोठ्या क्लासात होता. ती नोकरी सोडून त्यानं घरामागं स्वतःचं शेड टाकलं. पहिलीच बॅच, एकोणीस पोरं-पोरी. आपा पाची वेळच्या नमाजात त्या एकोणिसांसाठी दुवा मागायची.

मोईनचं आणि माझं एका गोष्टीवरून रोज भांडण. मारधाडीचे पिक्चर! मी सातवी पास, पण त्या विषयात माझा हात धरणारं कुणी न्हाई. माझं मत असं, की फाईट चांगली व्हायची तर हीरोनं आधी भरपूर मार खाल्ला पाहिजे. ओठातून रक्त आलं पाहिजे. पहिल्याच ठोशाला दहा जणांना लोळवणारा हीरो मला चालत नाही, मग आम्ही तिकीट काढून जीव कशाला टांगणीला लावायचा? व्हिलन वजनदार पाहिजे. फाईट भाजी मंडईत असेल तर उत्तम, टमाट्याचे ढीग उधळले की डोळ्याला बरं वाटतं. आणि फाईटच्या मधी गाणं घालणाऱ्याला तर मी मंडईतच उभा करीन!

वाईट पिक्चर कोणता? ज्यात नुसत्या मोटारी उडतात. मोटार उडाली, दुसरी उडाली, तिसरी उडाली. अरे, आत माणूस कोण आहे ते तरी दाखवा! कोणाची काळजी करायची आम्ही, मोटारीची?

मोईन म्हणायचा, "मावशी, गोळी लागून माणूस दहा फूट मागं उडत नाही. उडाला तर गोळी मारणारापण तितकाच मागं उडायला पाहिजे."

"मग उडव की त्याला! तुझ्या न्यूटनचं काय जातंय?"

पण माझ्या लाडक्या हीरोला तो नावं ठेवायचा, ते मला खपायचं नाही. "आता म्हातारा झाला तुमचा हीरो. धावताना पोट आधी पोचतं." दोन दिवस मी बोलले नव्हते त्याच्याशी.

असो. तर 'शुक्रवारी पडणार' ऐकून मी आधी त्या भिंतीपासून लांब झाले. का, ते आमच्या भागातल्या माणसाला विचारा. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर तीन-चार वर्षं झाली होती, पण घरात साधं ताट पडलं तरी आमचे पाय आधी अंगणात जायचे आणि डोळे मग उघडायचे. आमच्याकडं 'पडणार' म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? आणि बोलणारा कोण? सायन्सचा माणूस!

मी फक्त कमलबाईला सांगितलं. गळ्याची शपथ घालून. "कोणाला बोलू नको."

"छे वं! मी कशाला बोलू?" कमलबाई म्हणाली, आणि चप्पल न घालताच गेली.

संध्याकाळी गिरणीवर गेले तर गिरणीवालाच मला म्हणतो, "काकू, कळलं का? सरांनी कागदावर गणित मांडून काढलंय. शुक्रवारी, ठीक बाराला."

मी तर गार! मला नुसतं 'बाराला' माहीत, याच्याकडं 'ठीक बारा'! म्हणजे याला माझ्यापेक्षा जास्त कळलेलं!

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी डेपोतून बातमी आणली की सरांकडं म्हणे मशीन आहे. आणि रात्री हदगावहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन, शेजारच्या एसटीडीवर. ती तर रडूनच राहिली.

"अक्का, तू तिथं काय करून राहिलीस? लातुरात शुक्रवारी मोठा हादरा हाय! लई मोठ्या सायंटिस्टनं सांगितलंय. तुमच्याच गल्लीत ऱ्हातो म्हणं!"

माझा राहिलासाहिला धीर सुटला. बघा, एवढ्या लांब हदगावात माहीत झालंय, म्हणजे खोटं कसं असंल? आपण लावलेलं रोप आपल्यालाच ओळखू येईना!

गुरुवारी सकाळपासून आईबाप यायला लागले. शिरूर अनंतपाळहून दोघं आले, पोरं आणि गाद्या घेऊन गेले. दुपारपर्यंत एकोणिसाची बॅच अकरावर आली. मोईन बिचारा दारात उभा, "अहो झालं काय? सांगा तरी!" तोंडावर कोणी बोलायला तयार नाही. लोकांना वाटलं, सरकारनं गप्प राहायला सांगितलं असंल.

मग देवणीचे बिरादारमामा आले. पांढरं धोतर, आवाज हलगीसारखा. त्यांची मुक्ता म्हणजे बॅचमधली सगळ्यात हुशार पोरगी. गावातनं बारावीला बाहेर पडलेली पहिली मुलगी. मामांनी तिची लोखंडी ट्रंक उचलून डोक्यावरच घेतली.

"मास्तर, पोरगी न्हेतो. जिवापरीस फिजिक मोठं हाय व्हय?"

मुक्ता ट्रंकेची कडी धरून उभी. "अण्णा, एकदा गेले की आज्जी मला परत सोडणार न्हाई. लगीन लावून देईल. तुमाला म्हाईत हाय."

मामांनी डोक्यावरची ट्रंक नुसती सावरली. माहीत होतंच त्यांना. बाकीचे दहा पालक त्यांच्याकडं बघत थांबलेले. ते निघाले की सगळे निघणार, असा रंग.

आणि तेवढ्यात रिक्षातून रझियाआपा उतरली. चार दिवस नांदेडला बहिणीकडं होती, म्हणून तर हे एवढं वाढलं! तिनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अगे सुमन, किसने बोला तेरे कू भूकंप?"

"मी माझ्या कानांनी ऐकलं, आपा! शुक्रवारी पडणार, दोनपर्यंत सगळं खाली!"

मोईन माझ्याकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी... पिक्चर. तुमच्या हीरोचा नवीन पिक्चर. शुक्रवारी लागतोय. मी पोरांना म्हटलं, पडणार. बाराचा खेळ सुरू झाला की दोनपर्यंत बाल्कनी खाली, म्हणजे रिकामी, लोक नुसते जांभया देत बाहेर येतील."

जांभया! कुकरच्या शिट्टीनं माझ्या जांभया खाल्ल्या हो!

आपा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दिन में दस बार तूच बोलती ना, वो पिक्चर पडा, ये पिक्चर पडा? इतना बी नै समजा?"

आता तुम्हाला खरं सांगते, माझ्या हीरोचा पिक्चर पडेल हे माझ्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. त्यापेक्षा भूकंप सोपा!

मी सगळ्यांसमोर कान धरले. "मामा, चूक माझी. भूकंप-बिकंप काही न्हाई. सर पिक्चरचं बोलत होते."

वाटलं, मिटलं. कुठलं! मामांनी भुवया वर केल्या.

"म्हंजी मास्तर शिकवायचं सोडून पिक्चरचं बोलतो?"

घ्या! विस्तवातून काढलं आणि फुफाट्यात घातलं मी त्याला. एक बाप मागून म्हणाला, "झाकाझाकी हाय ही. बाईला पुढं केलंय."

शेवटी मामांनी निवाडा दिला. "पिक्चरच हाय म्हणता ना? उद्या समदे मिळून बघू, मास्तरलाबी मधी बसवू. पडला, तर मास्तर खरं बोलला, पोरगी ऱ्हाते. चालला, तर तीनची देवणी गाडी."

आता आली का पंचाईत? मुक्ताचं शिक्षण टिकायचं तर माझ्या हीरोचा पिक्चर पडायला पाहिजे! आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, बाबा, फाईट घाण असू दे.

शुक्रवारी बाल्कनीत आम्ही सगळे. मोईन, आपा, मुक्ता, मामा, बाकीचे पालक आणि अर्धी गल्ली. मामांनी ट्रंक जिन्याखाली ठेवलेली.

आणि पिक्चर निघाला झकास! हीरो पहिली वीस मिनिटं नुसता मार खातोय! ओठातून रक्त! फाईट कुठं, तर मंडईत! टमाटे काय, वांगी काय, अख्खा भोपळा व्हिलनच्या डोक्यावर! खालून शिट्ट्या, पैसे उधळायला लागले लोक. माझ्या हाताला शिट्टीची अशी खाज सुटली की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"मास्तर," मामा अंधारातून गरजले, "ह्यो तर पळायलाय की!"

मोईनचा चेहरा उतरलेला. पण तोंडातून गेलंच, "फाईट चांगली बसवलीय, काय हो मावशी?"

"गप रे!" मी म्हटलं. "जांभई दे!"

इंटरवल झालं. कोणी घरी गेलं नाही, लोक बाहेर जाऊन धावत परत आले. मुक्ता तर घड्याळाकडंच बघायला लागली. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, तीपण अर्धीच येते मला.

आणि व्हिलनचा कारखाना उडाला.

टॉकीजवाल्यानं नवे भोंगे बसवलेले, हे कोणाला माहीत? धडाम आवाज झाला आणि बुडाखालची खुर्ची थरथर, थरथर! डोळे मिटलेले. पडदा मला दिसतच नव्हता.

"हाललं गं बाई! पडलं! पळा!"

हे कोण ओरडलं असं तुम्ही विचारू नका.

मी पुढं, माझ्यामागं कमलबाई, तिच्यामागं आमचे हे, अख्खी बाल्कनी जिन्यावर! आम्हाला पाहून खालचे उठले. दोन मिनिटांत टॉकीज रस्त्यावर. कोणाच्या पायात एकच चप्पल, कोणाच्या हातात दुसऱ्याचा टॉवेल. बिरादारमामांच्या डोक्यावर ट्रंक! एवढ्या गर्दीत उचलली कधी, देव जाणे.

सगळे माना वर करून इमारतीकडं बघतोय. इमारत काही पडेना. आतून ढिश्युम ढिश्युम ऐकू येतंय.

एकदम मामांनी इकडंतिकडं पाहिलं. "मुक्ता? माझी पोरगी कुठाय? मास्तर कुठाय?"

ट्रंकेसकट माणूस आत धावला. मागून मी, मागून पालक. जिना चढून बघतो तर काय, रिकामी बाल्कनी, मधल्या रांगेत आपा शेंगा सोलत बसलेली, एका बाजूला मोईन, दुसऱ्या बाजूला मुक्ता. पडद्यावर हीरो गच्चीवरून उडी मारतोय आणि मुक्ता गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय. "सर, उंची तीस फूट धरू का?"

मामा धापा टाकत म्हणाले, "तू पळाली न्हाई?"

"कशाला अण्णा? कारखाना पडद्यावर फुटला. आवाज भोंग्याचा, त्यानं खुर्ची हालली. छतावरचा पंखा बघा, जरा तरी हालला होता का?"

मामा पंख्याकडं बघत राहिले. मग मोईनकडं, त्याच्या ओंजळीतल्या शेंगांकडं. आणि ट्रंक दाणकन खाली ठेवली.

"खरंच भूकंप होणार म्हाईत असता तर हा माणूस हितं शेंगा खात बसला असता व्हय?" मागं वळून ते पालकांना म्हणाले, "आपून समदे पळालो. जी पोरगी हितं बसून ऱ्हायली, तिला मास्तरनंच शिकवलंय. माझी ऱ्हाते. तुमचं तुम्ही बघा."

सोमवारपर्यंत बॅच परत सतरावर. दोघं मात्र आले नाहीत, त्यांच्या आईबापांनी मला अजून माफ केलेलं नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आणि पिक्चर? रस्त्यावरची माणसं त्या खेळाला काही परत आली नाहीत. बाराचा खेळ दोनच्या आत रिकामा! पण तीनच्या खेळाला मारामारी करून तिकिटं गेली आणि मग आठवड्यामागून आठवडे चालला. मोईन म्हणतो, माझा अंदाज अर्धा तर खरा झाला, शुक्रवारी पडलाच. त्यावर टॉकीजचा डोअरकीपर त्याला म्हणाला, "पडला कुठं सर? या बाईनं पाडला!"

उरलेला पिक्चर बघायला मी पुढच्या आठवड्यात गेले. बाल्कनीचं तिकीट पुढं केलं. डोअरकीपरनं एकदा तिकिटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"मावशी, पाया पडतो. तुम्ही खाली बसा, एकदम दाराजवळ. म्हंजी पळायचं झालं तर एकट्या तुम्हीच पळाल."